डाळ न शिजणाऱ्या पाण्यात फॉस्फेटिंग

जालन्याजवळ पावडर कोटिंगचं छोटं युनिट टाकलेल्या एका तरुणाने प्रश्न पाठवलाय, तो थोडक्यात असा. सात टाक्यांची डिप लाइन आहे, म्हणजे माल एकेका टाकीत बुडवत न्यायचा. रंगाआधी पत्र्यावर रंग धरून ठेवणारा थर चढवायला झिंक फॉस्फेट वापरतो. कडबाकुट्टीचे पत्र्याचे गार्ड आणि पेरणी यंत्राच्या चौकोनी पाइपच्या फ्रेम रंगवून देतो. माल जाताना झकास दिसतो. एक पावसाळा गेला की गार्डवर बारीक फोड येतात, आणि फ्रेमचा रंग वेल्डिंगपाशी व पायांच्या टोकाशी सुटतो. खाली बघावं तर गंज. केमिकलवाला म्हणतो पावडर हलकी, पावडरवाला म्हणतो फॉस्फेट कच्चं. "सर, पैसे तर दोघांनाही दिले, आता चूक कोणाची धरू? आणि दोन-तीन टाक्या काढून थ्री-इन-वन (तेल, गंज, फॉस्फेट तिन्हीचं एकच औषध) वापरलं तर कामून चालत नाही?"

सोबत तीन फोटो आहेत, आणि माझं उत्तर बरंचसं त्या फोटोंवर आहे. पहिल्या फोटोत फॉस्फेट होऊन वाळलेला गार्ड आहे आणि त्यावर कुणीतरी बोटाने रेघ ओढली आहे. रेघेच्या आत चकचकीत लोखंड, बाहेर राखेसारखा पांढुरका थर. तुम्ही हा फोटो "कोटिंग किती जाड येतं बघा" म्हणून पाठवलाय. माझ्या दृष्टीने तोच तुमचा आजार आहे. रंगाखालचं चांगलं झिंक फॉस्फेट बोटाला लागत नाही. ते फिकट ते मध्यम राखाडी, एकसारखं, हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपरसारखं लागतं आणि नखाने ओरखडलं तर फक्त पांढरी रेघ उठते. तुमच्याकडे आहे ती पत्र्यावर बसलेली भुकटी. पावडर कोटिंग त्या भुकटीला चिकटलंय, पत्र्याला नाही.

मी वाळूजला पंचवीसेक वर्षं प्रीट्रीटमेंटच्या, म्हणजे रंगाआधी माल तयार करायच्या लाइनी सांभाळल्या, आता लहान युनिटवाल्यांना सल्ला देतो. एवढ्या वर्षांत "फॉस्फेट नीट येत नाही" म्हणून बोलावणं आलं की मी फॉस्फेटच्या टाकीकडे शेवटी जातो. आधी विचारतो, पाणी कुठलं? तुम्ही प्रश्नात टाक्यांची मापं लिहिलीत, केमिकलचे दर लिहिले, पावडरची कंपनी लिहिली. पाण्याबद्दल एकच शब्द आहे: "बोअरचं". आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे बेसाल्टच्या भेगांतून मुरलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. घरी त्याच पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, माठाला बाहेरून पांढरं चढतं. त्या पाण्यावर तुमची लाइन चालते.

पत्र्यावर नेमकं काय घडतं ते समजलं की बाकीचं आपोआप लागतं, म्हणून तेवढं सांगतो. फॉस्फेटच्या बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, झिंक विरघळलेलं असतं, फॉस्फोरिक अॅसिडच्या जोरावर. पत्रा आत गेला की अॅसिड आधी लोखंडाला खातं, बारीक बुडबुडे येतात. खाता खाता पत्र्याला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातलं अॅसिड संपतं. अॅसिड संपलं की झिंक फॉस्फेटला विरघळलेलं राहता येत नाही. ते तिथल्या तिथे पत्र्यावर स्फटिक होऊन बसतं. म्हणजे कोटिंग बाहेरून थापलं जात नाही, ते पत्र्यावरच उगवतं, आणि त्यात थोडं लोखंड पत्र्याचंच असतं. १९०६ साली इंग्लंडमध्ये कॉस्लेटने याचं पहिलं नावाजलेलं पेटंट घेतलं, तेव्हा उकळत्या बाथमध्ये तासन्‌तास माल ठेवावा लागे. आज तीन ते पाच मिनिटांत होतं, ते दोन गोष्टींमुळे. एक टोनर, म्हणजे थर बसायचा वेग वाढवणारं केमिकल; दुसरी अॅक्टिव्हेशन, म्हणजे फॉस्फेटच्या आधीची डुबकी.

टोनर सगळ्यांना माहीत असतो, कारण तो रोज विकत आणावा लागतो. अॅक्टिव्हेशनची टाकी मात्र लाइनीतली सावत्र लेक. त्यात असतं टायटॅनियम फॉस्फेट, अतिशय बारीक कण, पाण्यात तरंगत ठेवलेले. पत्रा त्यातून अर्धा-एक मिनिट गेला की हे कण त्यावर बसतात, आणि पुढच्या टाकीत प्रत्येक कणापाशी एक स्फटिक उगवतो. कण दाट तर स्फटिक बारीक आणि दाट. कणच नाहीत तर मोजके स्फटिक उगवतात आणि एकटेच माजतात: मोठे, ठिसूळ, मध्ये उघडं लोखंड ठेवणारे. शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको. पेरा विरळ झाला की रोपं फोफावतात पण रान भरत नाही.

आता हे कण पाण्यात तरंगतात ते एकमेकांना दूर ढकलत असल्यामुळे. कॅल्शियम-मॅग्नेशियम आलं की ते ढकलणं थांबतं, कण गोळा होतात आणि तळाला बसतात. टाकीत केमिकल सगळं असतं, कामाचं काहीच नसतं. मालक सांगतो, "सर, गेल्याच आठवड्यात दोन किलो टाकलं." टाकलं खरं, पण ते तळाशी झोपलंय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, काचेचे दोन ग्लास घ्या. एकात तुमचं बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत अॅक्टिव्हेशनची पावडर सारखीच टाका, लिटरला दोन ग्रॅमच्या हिशोबाने, आणि नीट ढवळा. दोन्ही ग्लास दुधाळ दिसतील. रात्रभर शेडमध्येच राहू द्या. सकाळी आरओच्या ग्लासात वरपर्यंत धुरकटपणा टिकून असेल. बोअरच्या ग्लासात वर निवळ पाणी आणि तळाला पांढरा साका दिसला, तर तुमच्या अॅक्टिव्हेशनच्या टाकीत काय चाललंय ते कळलं. हा प्रयोग मी कितीतरी मालकांना करायला लावलाय. त्यानंतर आरओच्या खर्चावर वाद घालणारा क्वचित भेटला.

ही टाकी मारायचे आणखी तीन मार्ग आहेत. पिकलिंगचं, म्हणजे गंज काढायचं अॅसिड मागच्या रिन्समधून (धुण्याच्या टाकीतून) वाहत इकडे आलं तर ती मरते. तिचा पीएच साडेआठ ते साडेनऊच्या आसपास राहायला हवा. चाळीस अंशांच्या वर गेली तरी मरते, आणि मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडखाली चाळीस म्हणजे काहीच नाही. ती टाकी भट्टीच्या बाजूला असेल तर आधी हलवा. तिसरा मार्ग मी डोळ्यांनी पाहिला. एका युनिटमध्ये सगळं ठीक होतं: आरओ पाणी, ताजं केमिकल, पीएच बरोबर. तरी कोटिंग भुरभुरीत. दोन तास उभा राहून बघितलं तेव्हा दिसलं, माल टांगलेला हँगर अॅक्टिव्हेशनमधून वर आला की लाइनीवरचा मुलगा त्यावर पाइपने पाणी मारतोय. का रे बाबा? "सर, पांढरं पाणी चिकटलं होतं, पुढची टाकी घाण होईल म्हणून धुतलं." पोरगा प्रामाणिक होता आणि स्वच्छतेचा भोक्ता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की या एका टाकीनंतर धुवायचं नसतं, थेट फॉस्फेटमध्ये जायचं असतं. तुमच्या सात टाक्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकाला "अॅक्टिव्हेशन" आणि पुढे कंसात "व पाणी" लिहिलंय. ते पाणी म्हणजे हेच असेल तर आजच बंद करा.

पण नुसती अॅक्टिव्हेशन सुधारून फोड जाणार नाहीत. फोडांचं कारण पाण्यातच आहे, फक्त दुसऱ्या टोकाला. शेवटच्या रिन्समध्ये तुम्ही बोअरचंच पाणी वापरता. ते वाळलं की त्यातले क्षार पत्र्यावर राहतात, त्यावर पावडर बसते, भट्टीत शिजते, आणि ते क्षार आतमध्ये बंद होतात. रंगाचा थर आपल्याला प्लास्टिकसारखा बंदिस्त वाटतो, पण ओलावा त्यातून हळूहळू आत जातोच. आतल्या क्षाराला पाणी लागलं की तो आणखी पाणी ओढून घेतो, आणि रंग फुगतो. कोरड्या उन्हाळ्यात काही दिसत नाही. श्रावण-भाद्रपदात गार्ड आठ-आठ दिवस ओला राहिला की पुरळ उठतं. तुमच्या दुसऱ्या फोटोतले फोड टाचणीच्या टोकाएवढे आहेत आणि खालच्या कडेला जास्त दाटलेत. पाणी निथळून जिथे शेवटचा थेंब वाळतो, तिथेच क्षार सगळ्यात जास्त साचतो. मला तरी त्यात पावडरचा दोष दिसत नाही.

म्हणून शेवटची रिन्स आरओ किंवा डीआय (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याची हवी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला टीडीएस मीटर पुरतो, काही शे रुपयांत येतो. टाकीतल्या पाण्यापेक्षा मालावरून टपकणारा थेंब वाटीत धरून मोजा, कारण पत्र्यावर वाळणार आहे तो थेंब. तिथे तीस-चाळीस पीपीएमच्या खाली राहिलात तर उत्तम. मी ज्या बोअरांचं पाणी मोजलंय त्यांत हजाराच्या पुढचा आकडा काही नवलाचा नव्हता.

आरओ परवडत नाही, हे मला माहीत आहे की तुम्ही लिहिणार. मग छताकडे बघा. तुमची शेड तीस बाय साठ फूट आहे, म्हणजे साधारण १६७ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आसपास पाऊस धरला तर छतावर एक लाख सतरा हजार लिटरच्या जवळपास पाणी पडतं, आणि गळती-सांडणी वजा जाता नव्वद हजार हाती लागायला हरकत नाही. पावसाचं पाणी मऊ. पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्यायचं, पुढचं गाळून टाकीत घ्यायचं. तुमची अॅक्टिव्हेशनची टाकी एक हजार लिटरची; दर आठवड्याला पूर्ण बदलली तरी वीस हजार लिटरच्या साठ्यात वीस आठवडे निघतात. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा मुलखात छतावरचं पाणी नाल्यात सोडून टँकरचं विकत घेणं मला कधी पटलेलं नाही. आता मराठवाड्यात पाऊस दर वर्षी दगा देत नाही असं मी म्हणणार नाही, त्यामुळे पावसाच्या पाण्यावर सगळी लाइन बांधू नका. पण अॅक्टिव्हेशन आणि शेवटची रिन्स एवढ्यापुरतं ते सोन्यासारखं आहे.

बाकीच्या रिन्स बोअरच्या पाण्यावर चालतील, फक्त पाणी वाहतं ठेवा आणि उलटं वाहतं ठेवा: नवं पाणी नंतरच्या रिन्समध्ये सोडायचं, त्याचं ओसंडलेलं आधीच्या रिन्समध्ये जाऊ द्यायचं. माल पुढे, पाणी मागे. पाणी निम्म्याहून कमी लागतं आणि माल जास्त स्वच्छ निघतो.

आता फ्रेमकडे वळतो. फ्रेमचा रोग वेगळा आहे, तो गार्डच्या रोगात मिसळू नका. तिसऱ्या फोटोत पायाच्या टोकापासून गंजाचा ओघळ खाली आलाय आणि रंग पापडासारखा उभा राहिलाय. चौकोनी पाइप, दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद, पण वेल्डिंगला कुठेतरी सुईएवढं छिद्र. पिकलिंगच्या टाकीत हायड्रोक्लोरिक अॅसिड त्या छिद्रातून आत जातं. रिन्समध्ये ते बाहेर येत नाही, दोन डुबक्यांत पाइपच्या पोटातलं अॅसिड कसं धुतलं जाणार? ते भट्टीत जातं, तापून वाफ होऊन त्याच छिद्रातून फसफसतं, आणि उरलेलं पुढे महिनोन्‌महिने पाझरत राहतं. यावर जगातलं कुठलंही फॉस्फेट चालणार नाही. एक तर पाइप पूर्ण बंद करा आणि वेल्डिंग तपासा, नाही तर सरळ दोन्ही टोकांना आठ-दहा मिमीची भोकं पाडा, एक पाणी निथळायला आणि एक हवा जायला. मी भोकांच्या बाजूचा आहे. हँगरवर फ्रेम तिरकी लटकवा, म्हणजे प्रत्येक टाकीतून वर येताना पोट रिकामं होईल. भोकं नको म्हणणारा ग्राहक असेल तर त्याची फ्रेम अॅसिडमध्ये घालूच नका, शॉट ब्लास्ट करून, म्हणजे बारीक छर्रे मारून साफ करून आणा.

पाइपवर काळी-निळसर खपली दिसते ती गरम रोलिंगची मिल स्केल. तिच्यावर फॉस्फेट उगवत नाही, कारण अॅसिडला खायला लोखंडच सापडत नाही. गार्डचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणि फ्रेमचा काळा पाइप एकाच हँगरवर, एकाच वेळेसाठी पिकलिंगमध्ये टाकता असं तुम्ही लिहिलंय. पाइपची स्केल निघेपर्यंत पत्रा जास्त खाल्ला जातो, त्याचा पृष्ठभाग काळवंडतो आणि खरबरीत होतो. दोघांचे हँगर वेगळे करा. गंज नसलेल्या सीआर पत्र्याला पिकलिंगची गरजच नाही. अॅसिडची टाकी ओलांडून पुढे न्या. वेल्डिंगवरची खपली, म्हणजे स्लॅग, मात्र हाताने, तारेच्या ब्रशने, लाइनीवर चढण्याआधीच काढायची. वेल्डरने छर्रे चिकटू नयेत म्हणून सिलिकॉनचा स्प्रे मारला असेल तर त्याला हात जोडा आणि सिलिकॉन नसलेला आणून द्या, कारण सिलिकॉन तुमच्या डीग्रीसिंगला, म्हणजे तेल काढायच्या टाकीला, दाद देत नाही.

डीग्रीसिंग झालं की नाही हे बघायची परीक्षा फुकट आहे. पुढच्या रिन्समधून गार्ड वर काढा आणि अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर तेल गेलं. पडदा फाटून थेंब थेंब झाले, कमळाच्या पानावर होतात तसे, तर माल परत मागे. डीग्रीसिंग साठ-सत्तर अंशांवर चालवा, वर तरंगणारं तेल रोज सकाळी काढा. नाही तर स्वच्छ झालेला माल वर येताना तोच तवंग अंगावर घेऊन येतो.

एवढं सगळं झाल्यावर फॉस्फेटची टाकी. तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण केमिकलवाल्याच्या कागदावर आकडे असतात आणि ते त्याच्या केमिकलपुरते खरे असतात. दहा मिली बाथ घ्या, ब्रोमोफिनॉल ब्ल्यूचे थेंब टाका, ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंब थेंब टाकत पिवळ्याचा निळा होईपर्यंत मोजा: जेवढे मिली तेवढे फ्री अॅसिडचे पॉइंट. दुसऱ्या दहा मिलीत फिनॉल्फ्थॅलिन टाकून गुलाबी होईपर्यंत मोजा: टोटल अॅसिड. नुसते पॉइंट पुरे पडत नाहीत, दोघांचं गुणोत्तर बघा. बाथ जितका थंड चालवाल तितकं ते गुणोत्तर मोठं लागतं. खोलीच्या तापमानावर चालणाऱ्या बाथला वीस ते तीस, नव्वदीच्या पुढे चालणाऱ्या जाड कोटिंगच्या बाथला पाच-सात. फ्री अॅसिड वाढलं तर बाथ नुसता पत्रा खात बसतो, थर धरत नाही आणि माल पिवळा पडतो. फार कमी झालं तर थर पत्र्याऐवजी पाण्यातच बनतो, तो स्लज. तुम्ही रोज बोअरच्या पाण्याने पातळी भरता, त्या पाण्यातली अल्कता (अॅसिड मारायचा गुण) रोज थोडं फ्री अॅसिड मारते, म्हणून तुमच्या तळाला एवढा स्लज साचतो आणि केमिकल जास्त लागतं. उन्हाळ्यात तर वाफेने पाणीच तेवढं उडतं, क्षार जागेवर राहून वाढत जातात. टाकी भरायलाही मऊ पाणी मिळालं तर बरं, नाही मिळालं तर निदान वरचं थेंबांचं मोजमाप, म्हणजे टायट्रेशन, दिवसातून दोनदा करा.

"सोमवारी सकाळचा माल नेहमी काळपट-पिवळा येतो, दुपारनंतर सुधारतो," हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण ते महत्त्वाचं आहे. टोनर म्हणजे सोडियम नायट्राइट. अॅसिडच्या पाण्यात ते माल नसतानाही आपोआप मोडत राहतं. रविवारची सुट्टी संपेपर्यंत टाकीत टोनर शून्य. सोमवारी पहिला हँगर सोडण्याआधी गॅस पॉइंट बघा: सॅकॅरोमीटरच्या वाकड्या नळीत बाथ भरायचा, चिमूटभर सल्फॅमिक अॅसिड टाकायचं, उलटं करून सरळ करायचं, आणि वर जमलेला वायू मिलीत वाचायचा. केमिकलच्या कागदावर एक ते तीन असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. नळी नसेल तर स्टार्च आयोडाइडचा कागद बुडवा. निळा-जांभळा झाला तर टोनर आहे, नाही झाला तर नाही. टोनर पाण्यात पातळ करून थेंब थेंब सोडा. एकदम मगभर ओतला तर तपकिरी धूर उठतो, आणि तो छातीला वाईट असतो. फॉस्फेटच्या घट्ट केमिकलच्या कॅनमध्ये तर टोनर चुकूनही जाऊ देऊ नका.

जाडीचा गैरसमज आता काढतो. झिंक फॉस्फेट जितकं जाड तितकं चांगलं, हे तेल लावून ठेवायच्या नट-बोल्टला खरं आहे. पावडर कोटिंगखाली चौरस मीटरला दीड ते तीन ग्रॅम पुरे. या स्फटिकांच्या पोटात पाणी असतं आणि पावडर शिजायला १८० ते २०० अंशांची भट्टी लागते. त्या उष्णतेत ते पाणी सुटतं. थर पातळ आणि बारीक असेल तर ते निभावतं, जाड आणि खडबडीत असेल तर थर आतल्या आत ठिसूळ होतो. वजन मोजायचं तर १०० बाय १५० मिमीची पट्टी फॉस्फेट करून वाळवून तोला, मग क्रोमिक अॅसिडच्या गरम द्रावणात थर उतरवून पुन्हा तोला. दोन्ही बाजू मिळून ०.०३ चौरस मीटर, म्हणजे दोन ग्रॅमच्या थराला फरक फक्त ६० मिलिग्रॅम. किराण्याच्या काट्यावर तो दिसणार नाही. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा सराफी काटा चालतो. पण क्रोमिक अॅसिड कर्करोगकारक आहे, ते शेडमध्ये ठेवू नका. महिन्याला दोन पट्ट्या प्रयोगशाळेत पाठवा. त्याच कारणाने शेवटचं पॅसिव्हेशन (फॉस्फेटनंतर थर पक्का करायची डुबकी) क्रोमियमचं असेल तर झिरकोनियमवालं मागा.

मे महिन्याची एक गंमत बाहेरच्या इंजिनिअरांना कळत नाही. त्यांच्या पुस्तकात दोन टाक्यांमधल्या वेळेला फारशी किंमत नसते. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत कोरडी हवा असली की हँगर एका टाकीतून निघून दुसरीपर्यंत पोचेतो माल वाळतो, आणि वाळलेल्या रसायनाचे ओघळ पुढे कशानेही जात नाहीत. हँगर उचलणारा होइस्ट थांबवून तंबाखू मळायची ही जागा नव्हे. लाइट गेली तर हाताने ओढायची साखळी हवी, आणि तोवर मालावर बारीक फवारा, फक्त अॅक्टिव्हेशन आणि फॉस्फेटच्या मधली जागा सोडून. पावसाळ्यात उलट: फॉस्फेट झालेला माल ओलसर हवेत रात्रभर ठेवला की सकाळी पिवळसर गंज. ११०-१२० अंशांत वाळवा, त्याच पाळीत पावडर मारा, आणि उचलताना तेलकट हातमोजे नकोत.

थ्री-इन-वनबद्दल विचारलंत. फडक्याने पुसायचं ते एकच औषध तेल काढतं, गंज काढतं आणि फॉस्फेटही करतं असं म्हणतात. माझ्या मते तिन्ही अर्धवट करतं. दरवर्षी दिवाळीला ब्रशने रंगवल्या जाणाऱ्या खिडकीच्या ग्रिलला चालेल. शेतात उघड्यावर राहणाऱ्या, शेणा-मुताच्या गोठ्यात उभ्या राहणाऱ्या कडबाकुट्टीला नाही. घरात राहणारी कपाटं तुम्ही पुढे घेणार असाल तर आयर्न फॉस्फेट हा मधला रस्ता आहे. टाक्या कमी, स्लज कमी, अॅक्टिव्हेशनची कटकट नाही.

स्लजचं तेवढं ऐका. तुम्ही तो शेडमागच्या खड्ड्यात टाकता. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत फॉस्फेट स्लज नावानिशी आहे, तो अधिकृत ठिकाणीच द्यावा लागतो. शिवाय तुमची बोअर त्या खड्ड्यापासून किती फुटांवर आहे ते एकदा मोजा.

आणि गिऱ्हाइकांकडे गेलेला माल. फोडांवर घासून वरून दुसरा हात मारायचा विचार असेल तर सोडून द्या. क्षार खाली तसाच राहणार. परत आलेले गार्ड रंग काढून, डीग्रीसिंगपासून पुन्हा चढवा. फ्रेम आल्या तर आधी भोकं पाडा, उलट्या करून पाइपच्या पोटात काय आहे ते बादलीत काढा आणि त्यात पीएचचा कागद बुडवून त्याचा फोटो मला पाठवा.